बेरजेचा डबा

डब्याला हात लावू नकोस, असं मी केलेपीमामाला तीनदा बजावलं होतं. एकदा साधं, एकदा मामीसमोर, आणि तिसऱ्यांदा मूआच्या बसमध्ये चढता चढता ओरडून. तीनदा सांगून ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याला काय म्हणायचं? आमच्या घरात त्याला मालक म्हणतात.

मामाची कोलोफोऊमध्ये बेकरीच्या मागे रेकॉर्डिंगची खोली आहे. चर्चचे कोरस, लग्नातली गिटारवाली पोरं, सगळी तिथंच येतात. खोली त्याची, पाटी त्याची, आणि राबायला मी, त्याची भाची लेसिएली. ऑकलंडच्या कारखान्यात सहा वर्षं ॲम्प्लिफायर जोडून मी परत आले ती तडक त्याच्या तावडीत सापडले. त्याचं मोठं मिक्सर टेबल खाऱ्या वाऱ्याने आतून कुजलं, त्याला मी "दर शनिवारी झाकून ठेव" म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. कुजल्यावर काय म्हणाला? "ऑकलंडला पाठवू. तीन महिन्यांत येईल."

तीन महिने! सिनिवामावशीकडे तीन आठवडे होते.

सिनिवामावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण आणि केलेपीमामाचीही. तिची गाणी आमच्या बेटांवर वावाऊपासून एउआपर्यंत लग्नाकार्यात म्हणतात, पण तिच्या स्वतःच्या आवाजात एकही कुठं ठेवलेलं नव्हतं. "इतर गातात ना, मग पुरे," म्हणायची. मग घशात गाठ निघाली. ऑकलंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मंगळवारचं विमान, गुरुवारी ऑपरेशन. त्यानंतर मावशी जगेल, पण बोलणार नाही. ज्या बाईच्या तोंडाला आजवर कोणी कुलूप घालू शकलं नाही, ती बाई बोलणार नाही.

तेव्हा मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "लेसि, एक नवं गाणं आहे. ते माझ्याच तोंडून रेडिओवर जायला हवं. मी जायच्या आत."

मी चार दिवसांत डबा बनवला. मोठ्या टेबलाची खरं तर गरजच नव्हती. टेपवर आठ ट्रॅक होते: मावशी, बास, दोन गिटार, छोट्या गिटारीसारखे दोन उकुलेले आणि मागचा कोरस दोन ट्रॅकवर. रेडिओला त्यांची बेरीज हवी, एक डावी बाजू, एक उजवी. प्रत्येक ट्रॅकला एक बटण लावायचं, पुढच्या वाटेत एक रेझिस्टर टाकायचा, सगळ्या वाटा एका बिंदूवर आणून सोडायच्या आणि तिथं एक चिप बसवायची. ती चिप त्या बिंदूला शून्यावर धरून ठेवते, हलू देत नाही, म्हणून गिटारचा आवाज उकुलेलेच्या वाटेत शिरत नाही. फक्त ती जे देते ते उलटं करून देते. म्हणून पुढं दुसरी चिप, उलट्याचं सुलट करायला. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मावशीचा आवाज आणि बास दोन्हीकडे सारखे पाठवायचे, म्हणजे ते मधोमध उभे राहतात. भिंतीतल्या विजेची गुणगुण नको म्हणून वीज मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवरून घेतली आणि अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बोल्टला आवळल्या. हे सगळं बसवलं कशात? कडक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पत्रा बाहेरची खरखर अडवतो.

मामाने डबा पाहिला आणि नाक मुरडलं. "माझ्या खोलीतला आवाज बिस्किटाच्या डब्यातून निघणार?"

"तुझ्या टेबलातून तर काहीच निघत नाही," मी म्हटलं.

"लोक हसतील."

"आवाज ऐकून हसतील का डबा बघून?"

"डबा बघून."

"मग डबा रेडिओवर दिसत नाही, मामा."

भाचीने मामाला असं बोललेलं आमच्याकडे चालतं. भाचीने मामाच्या घरातलं काहीही न विचारता उचललेलंसुद्धा चालतं, तिच्या आईचा मान त्याच्यापेक्षा वरचा असतो म्हणून. मी हा हक्क पुरेपूर वापरते. पण बहीण-भावाचं तसं नाही. भाऊ मोठा झाला की आपली चटई उचलून पोरांच्या झोपडीत झोपायला जातो. तेव्हापासून बहीण असलेल्या खोलीत तो बसत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही, प्रेमाचं गाणं तर कानावरही येऊ देत नाही. आजकालची पोरं फारसं मानत नाहीत. केलेपीमामा मात्र इतका मानतो की पाद्र्यालाही कधी कधी अवघडायला होतं. मावशी आणि तो चाळीस वर्षं एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलतात. तिसरा कोण? गेली आठ वर्षं मीच.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मावशी दारातून आत आली, मामा खिडकीकडच्या दाराने बाहेर गेला. तो अंगणातून म्हणाला, "लेसिएली, मावशींना विचार, पाणी कोमट हवं का."

मावशी चार हातांवर बसली होती. मला म्हणाली, "सांग त्याला, हवं."

"मामा, हवं म्हणते."

"मावशींना सांग, मामी आणतेय."

"मावशी, मामी आणतेय. आणि तुम्हा दोघांना सांगते, मी काही टेलिफोनची तार नाही!"

मावशी हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबल्यावर गायली. आवाज फाटायला लागला होता, वरच्या सुरावर कापडासारखा टरकायचा, पण खाली अजून तसाच होता, दाट. सगळ्यांना प्रेमाचं वाटेल असं गाणं होतं. धक्क्यावरून बोट सुटते, गुंफलेला हार गुंफणारीच्याच गळ्यात राहतो. मी मान डोलवत होते. शेवटचं कडवं आलं आणि माझी मान थांबली.

'चटई काखेत मारून निघालास, कुमा, मागं वळलाही नाहीस. तुझ्या वाटणीचा सुरण मी अजून झाकून ठेवते.'

कुमा म्हणजे उंदीर. केलेपीमामा लहानपणी चोरून सुरण कुरतडायचा म्हणून मावशीनेच ठेवलेलं नाव. तो झोपडीत झोपायला गेला तेव्हापासून ते नाव घरात कोणी घेतलेलं नव्हतं.

मी टेप थांबवली. "मावशी, हे गाणं मामासाठी आहे?"

"मग कोणासाठी? मेलेल्या नवऱ्यासाठी? त्याला काय ऐकू जातंय!"

"मग त्याला सांग ना. तिथं झाडाखाली उभाय."

"तोंडावर कसं सांगू? तो पळून जाईल. मलाही जमणार नाही." मग तिने माझा हात धरला. "रेडिओ म्हणजे काही मी नव्हे. रेडिओसमोर बसायला त्याला कसली आडकाठी? घरच्या अंगणात बसून ऐकेल, नाव ऐकेल, तेवढं बस. पण माझा आवाज असेतोवर ऐकायला हवं, लेसि. नंतर ऐकून काय, मेलेल्या माणसाचं ऐकल्यासारखं. आणि तू त्याला एक शब्द सांगायचा नाहीस. शपथ घे."

घेतली. आणि तीच चूक केली, असं आता वाटतं.

दुसऱ्याच दिवशी मूआमध्ये माझ्या सासऱ्यांची बहीण वारली. तिच्यापुढं माझी पायरी सगळ्यात खालची, म्हणून सुतकाची फाटकी चटई छातीपर्यंत गुंडाळून तीन दिवस धुराच्या चुलीपाशी बसणं माझ्या नशिबी. प्रसारण शनिवारी पाचला. मी मामाला म्हटलं, शनिवारी सकाळी येते, दोन तासांत मिक्स करते, तू डब्याला हात लावू नकोस. तीनदा म्हटलं, ते सांगितलंच.

चुलीपाशून सुटायलाच उशीर झाला, शनिवारी दुपारी उशिरा पोचले तर टेप मिक्स होऊन आदल्या दिवशीच रेडिओ केंद्रात पोचलेली.

"मीच केलं सगळं," मामा छाती काढून म्हणाला. "तुझी वाट बघत कोण बसणार? आणि डबासुद्धा नीट करून ठेवलाय."

पाचला पंधरा मिनिटं होती. भांडायला वेळ नव्हता. मी मावशीच्या घरी धावले. आत बायका, बाहेर अंगणात पुरुष मुळ्या कुटून केलेल्या कावा पेयाच्या परातीभोवती. आत एक रेडिओ, बाहेर एक. मामा बाहेर पहिल्यांदाच बहिणीच्या गाण्याला बसला होता. का? तर रेडिओवर सांगणार होते की रेकॉर्डिंग केलेपीच्या खोलीतलं. मावशी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बसलाय हं तो.

गाणं लागलं. एका बाजूची गिटार, दुसऱ्या बाजूची गिटार, उकुलेले, कोरस. आणि मध्ये काहीच नाही. बास नाही. मावशी नाही. कोरस 'आह' करून थांबायचा, तिच्या ओळीसाठी जागा सोडायचा, आणि त्या जागेत नुसती गिटार टिणटिण करायची. कुठंतरी खोल एक सावलीसारखं कुजबुजणं, बस. पूर्ण साडेचार मिनिटं. शेवटचं कडवं तसंच पोकळ गेलं.

मावशीने ओंजळ मांडीवर ठेवली होती ती तशीच राहिली. मग हापाई बेटावरून तिच्या चुलत बहिणीचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती ओरडत होती: "सिनिवा, गाणं आलं गं, पण तू कुठं होतीस?"

मला कुठं काय झालं ते पहिल्या दहा सेकंदांत कळलं होतं. बाजूचे सगळे आहेत आणि मधले दोघेच गायब, म्हणजे एक बाजू उलटी. दोन माणसांनी एकच दार दोन बाजूंनी सारख्याच जोराने ढकललं तर दार हलत नाही. दोन स्पीकर असतील तर कळत नाही, उलट आवाज पसरट, मोठ्ठा वाटतो. पण आमच्या रेडिओला स्पीकर एकच. डावं-उजवं तिथं एकत्र आलं आणि मावशीला मावशीनेच पुसून टाकलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी अंगणात गेले, पुरुषांच्या गोलात, आणि मामासमोर हात पसरला. "खोलीची किल्ली."

"अगं, कावा प्यायला बसलोय..."

"किल्ली!"

"रेडिओवाल्यांनी काहीतरी घोळ घातला असेल," तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "माझ्या मीटरच्या सुया बरोबर होत्या."

"नाचता येईना अंगण वाकडं! तुझ्या सुया घाल चुलीत. किल्ली दे नाहीतर दार मोडते."

तो किल्ली घेऊन मागोमाग आला, एवढं कबूल करते. खोलीत माझा बिस्किटाचा डबा नव्हताच. त्याच्या जागी पॉलिश केलेली लाकडी पेटी, वर पितळी पट्टी, पट्टीवर मामाचं नाव. आतलं सगळं माझं, उचलून पेटीत कोंबलेलं. आणि बाहेर निघणाऱ्या केबल नव्या. मी उजवीकडचा प्लग उघडला. लाल तारेच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी लाल. डावा बरोबर, उजवा उलटा.

"हे बघ," मी म्हटलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"दोन्ही तारांतून आवाज येतोच ना?"

"येतो. पण उलटा येतो. दोन मिनिटं एका स्पीकरवर लावून ऐकलं असतंस तर आंधळ्यालाही कळलं असतं. ऐकलंस का?"

मी स्पीकरचं बटण बघितलं. शून्यावर. हेडफोन खिळ्यावर, त्यावर धूळ.

"मामा, तू आवाज बंद करून मिक्स केलंस?"

"सुया बघून केलं. मावशींची सुई बाकीच्यांच्या बरोबरीने ठेवली. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही."

"सुईला उलटं-सुलटं कळत नाही! सुईला गाणं कळत नाही!"

"मग काय त्यांचं प्रेमाचं गाणं ऐकत बसू? भाऊ आहे मी."

"अंगणात बसला होतास की ऐकायला!"

"चार लोकांत, रेडिओवर, दोन मिनिटं. ते वेगळं. इथं तीन-तीन तास तेच तेच पुन्हा लावायचं..."

"खोलीत एकटा होतास तू! कोण बघणार होतं?"

"मी होतो ना," मामा म्हणाला.

खोटं बोलत नव्हता, त्यानेच मी जास्त पेटले. लबाड माणसाला दोन शिव्या देता येतात. याला काय द्यायचं? मान ठेवता ठेवता बहिणीला पुसून टाकलं आणि वर तोंड करून उभा. शपथ घातली नसती तर तिथंच सगळं ओकून टाकलं असतं.

मी दोन तारांना सोल्डरचे डाग दिले, सुलटं केलं, बॅटऱ्यांकडे वळले. मेलेल्या. यानं डबा कालपासून चालूच ठेवला होता. आणि त्याच्या मिक्सची उजवी बाजू नुसती सुलट करून भागणार नव्हतं. सुईवर मोजून ठेवलेला मावशीचा आवाज कोरसखाली विहिरीतून आल्यासारखा येणार. पुन्हा पहिल्यापासून करायला हवं होतं. बाहेर अंधारत होतं, आणि उद्या रविवार.

आमच्याकडे रविवारी कोंबडीसुद्धा दबकत चालते. दुकान नाही, बस नाही, विमान नाही, डाग देणाऱ्या बाईला तर पोलीसच घेऊन जातील. सगळा दिवस मी चर्चमध्ये दात आवळून बसले. पाद्री क्षमेवर बोलत होता. कोणाला बोलतोय ते आख्ख्या चर्चला ठाऊक होतं, कारण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मावशी पुढच्या बाकावर होती. स्तोत्र सुरू झालं तेव्हा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज जपून ठेवत होती, म्हणाली नंतर, पण कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

त्यातच मामी कानात कुजबुजली की सोमवारी दहाला कोरस येणार आहे, आणि मामा त्याच रिळावर त्यांचं रेकॉर्डिंग करणार आहे. दुसरं रीळ नाही. म्हणजे सोमवारी दहानंतर मावशीचे ट्रॅक पुसले जाणार.

सोमवारी पहाटे उठले, मामाच्या व्हॅनचं झाकण उघडलं आणि बॅटरी काढून घेतली. विचारलं नाही. भाचीचा हक्क. दुसरी शेजारच्या टॅक्सीवाल्याने दिली. साडेसहाला खोलीत पेटी उघडून सगळं बाहेर काढलं आणि बिस्किटाच्या डब्यात परत बसवलं. पितळी पट्टी खिडकीबाहेर फेकली. ती मामाच्या पायाशी पडली. तो तिथंच उभा होता.

"कोरस दहाला येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे."

तेवढ्यात मावशी आली. कोणी बोलावलं नव्हतं. मामा चार पावलं मागं सरकला, ती आत शिरली आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. "यातली मी कुठली?"

"हे बटण."

"वर केलं की मी मोठी होते?"

"होतेस."

"आजवर कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली आणि बटणावर बोट ठेवलं.

मी गिटार, बास, कोरस सांभाळले, तिने स्वतःला. डावं-उजवं जोडून एका जुन्या रेडिओच्या एकाच स्पीकरवर लावलं, तिथं जे उभं राहील तेच खरं. पहिल्यांदा तिने लाजून स्वतःला इतकं खाली ओढलं की मी ओरडले, "मावशी, तू काय पाहुणी आहेस का या गाण्यात?" दुसऱ्यांदा सगळीकडे वर. "आता बाकीचे पाहुणे झाले," मी म्हटलं. वरच्या सुरावर आवाज फाटला तिथं मी कोरस वर करून झाकायला गेले. तिने माझ्या हातावर चापट मारली. "फाटलाय तर फाटलेला दिसू दे. गुरुवारी तेवढाही नसेल."

बाहेर कोरसची बस आली. चाळीस माणसं झाडाखाली, मामा त्यांच्यात, पाद्री घड्याळ बघतोय. दारावर टकटक झाली. "लेसिएली, मावशींना विचार, अजून किती वेळ?"

मी विचारायच्या आत मावशी म्हणाली, "सांग त्याला, चाळीस वर्षं थांबलायस, आणखी दहा मिनिटं थांब."

मी दार उघडून ते तसंच्या तसं सांगितलं, चाळीस माणसांसमोर. मामा कानापर्यंत लाल झाला. कोरसमधल्या बायका कमरेला गुंडाळलेल्या चटईचं टोक तोंडाला लावून हसल्या.

तिसऱ्यांदा जमलं. शेवटच्या कडव्यावर मी सगळं खाली नेलं आणि ती बटण हळूहळू वर करत गेली. 'कुमा' या शब्दालाही तिने बोट मागं घेतलं नाही. मी टेप तडक रेडिओ केंद्रात, निवेदक सेफिताकडे नेऊन दिली. सकाळपासून तक्रारींचे फोन घेऊन घेऊन तो कंटाळला होता, म्हणाला, "सहाला लावतो, मरणाच्या बातम्या संपल्या की लगेच. आणि आज बाई असेल ना त्यात?"

"आज बाईच आहे," मी म्हटलं.

सहाला पाच मिनिटं असताना मावशीच्या घरी सगळे जमले. बॅग बांधून दाराशी ठेवलेली. अळूच्या पानातलं मटण, लू, भट्टीतून नुकतंच निघालं होतं. आणि अंगणात मामा उठला! खांद्यावर कुदळ टाकली.

मी दारातून ओरडले, "कुठं निघालास?"

"सुरणाला माती लावायची राहिलीय."

"सहा वाजता? राखणीला निघालायस का सुरणाच्या?"

"शनिवारी बसलो ती चूक झाली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लोक मलाच बघत होते. मावशींना सांग, प्रवास चांगला होवो."

"मी नाही सांगणार! तूच सांग! उद्या विमान आहे, गुरुवारी..." शपथ आठवली आणि मी वाक्य तिथंच तोडलं. तो गेला. व्हॅनकडे गेला, चावी फिरवली, तिच्यात बॅटरी कुठली? ती खोलीवर होती. मग पायीच गल्लीत वळला. मला इतका संताप आला की रडूच आलं. दोन्ही बाजूंनी एवढं केलं, तारा सुलट्या केल्या, आणि हा पाठ दाखवून चालला.

मी मावशीला म्हटलं, "जाते, कॉलर धरून आणते."

"नको."

"मावशी, उद्या तू जाणार!"

"धरून आणलेल्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मरणाच्या बातम्या संपल्या. सेफिताने तिचं नाव घेतलं. गिटार वाजली, आणि मग ती आली, मधोमध, खोलीतल्या माणसाइतकी. बायकांनी श्वास धरले. मावशी उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. मीही गेले.

आमची गल्ली सरळ आहे, दोन्ही बाजूंना घरं. शनिवारचा तमाशा सगळ्यांना कळला होता, म्हणून आज प्रत्येक घरात रेडिओ लावलेला. मामा कुदळ घेऊन चालला होता, आणि आवाज त्याच्याबरोबर चालला होता. एका घरातला मागं पडला की पुढच्या घरातून तोच. त्याने पावलं उचलली. पुढं बेकरी, तिथंही तेच. डाव्या बाजूला मावशी, उजव्या बाजूला मावशी, आणि आज दोघी एकच बोलत होत्या. एवढ्या लांबूनही दिसत होतं, त्याने मान खाली घातलीय आणि पळायच्या बेतात आहे.

मग शेवटचं कडवं आलं. गल्लीभर, प्रत्येक दारातून त्याला कुमा म्हणून हाक मारली गेली.

तो थांबला. कुदळ खांद्यावरून घसरली, त्याने उचलली नाही. गटारावरच्या कट्ट्यावर बसला, पाठ आमच्याकडे. गाणं संपलं, सेफिता काहीतरी बोलला, घराघरातले रेडिओ बंद झाले. तो बसूनच होता. बेकरीवाला बाहेर आला, बघितलं, आणि आत गेला.

मला अजून राग होता. धावत जावं आणि विचारावं, ऐकलंस आता? फुटली सुई? पण मावशीने माझं मनगट धरलं होतं. मग सोडलं, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा फाटक्या आवाजात ओरडली:

"कुमा! जेवायला ये, लू गार होतंय!"

मी सवयीने तोंड उघडलं, निरोप पोचवायला. गरज नव्हती. मामा उठला, डोळे बाहीला पुसले, आणि वळला.

"आलो, ताई," तो म्हणाला. माझ्याशी नाही, तिच्याशी.